ऑनलाइन दुकान: तयार सॉफ्टवेअर घ्यायचं की कोड लिहून घ्यायचा? या चुका टाळा

दादर-गिरगावातले दुकानदार पहिला प्रश्न विचारतात, "वेबसाइटला किती लागतील?" मी उलट विचारतो, "ऑर्डर आली की बघणार कोण?" याचं उत्तर तयार नसेल तर शॉपिफाय, वूकॉमर्ससारखं तयार सॉफ्टवेअर की स्वतःचा कोड यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही.

सगळ्यात महागात पडते ती ही समजूत: "आपलं काम साधंच आहे, लिहूनच घेऊ." वस्तूंची यादी, कार्ट, पैसे भरायचं बटण एवढं कुणीही हुशार मुलगा पटकन करून देतो. खरं काम त्यानंतर सुरू होतं. दादरच्या एका फराळवाल्यांनी अशीच ओळखीतल्या मुलाकडून साइट करून घेतली होती. दिवाळीच्या तोंडावर फोन सुरू झाले: पैसे कापले गेले, ऑर्डरचा पत्ता नाही. पेमेंट गेटवेच्या, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीच्या, डॅशबोर्डवर पेमेंट जमा दिसत होतं, दुकानाच्या यादीत काहीच नव्हतं. गिऱ्हाईक पैसे भरून 'धन्यवाद'च्या पानावर परत आलं तरच ऑर्डर नोंदवायची, असा कोड होता. यूपीआयने पैसे भरणारा माणूस ॲपमध्ये पिन टाकतो, समोर लोकल आली की फोन खिशात टाकतो. ब्राउझरकडे तो परत येतच नाही. म्हणूनच गेटवे थेट तुमच्या सर्व्हरला वेबहुक, म्हणजे 'पैसे आले' असा आपोआप जाणारा निरोप, पाठवतो. इथे तो ऐकणारा कोडच लिहिलेला नव्हता.

घाईघाईने वेबहुक जोडला, तर काही ऑर्डरी दोनदा पडू लागल्या. वेळेत उत्तर मिळालं नाही की गेटवे तोच निरोप पुन्हा पाठवतो, आणि हा पेमेंट आयडी आधी नोंदलाय का, हे कुणी तपासत नव्हतं. दुकानाच्या काकू रात्री उशिरापर्यंत वही घेऊन बसल्या होत्या, चकलीचे डबे कुणाला दोनदा गेले ते शोधत. ही भोकं नावाजलेल्या तयार प्लगइनांमध्ये (साइटला जोडायच्या छोट्या प्रोग्राममध्ये) कधीच बुजवलेली असतात. साइट कुणीही केलेली असो, मी यूपीआयने एक रुपया भरतो आणि लगेच ब्राउझर बंद करतो. ऑर्डर दिसली नाही तर साइट सुरू करू देत नाही, मालक कितीही घाईत असला तरी.

ग्राहकांचे कार्ड नंबर स्वतःकडे साठवू नका. 1 ऑक्टोबर 2022 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दुकानदाराला ते ठेवता येत नाहीत, त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्ड नंबरच्या जागी चालणारा सांकेतिक नंबर, वापरायचं.

'फुकट' मिळालेली चोरीची प्रीमियम थीम (साइटचं तयार रूप) लावू नका. तिच्यात काय दडवलंय ते तुम्हाला कळणार नाही.

फक्त पहिल्या वर्षाचा खर्च मोजू नका. गेटवेचं कमिशन आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी दर ऑर्डरला जातो. वूकॉमर्स मोफत आहे, पण होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) आणि अपडेट तुमच्या गळ्यात. मॅजेन्टो 1 या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरचा अधिकृत आधार जून 2020 मध्ये संपला, तेव्हा त्यावरच्या दुकानांना बाडबिस्तरा हलवावा लागला.

उलट्या बाजूची चूकही तितकीच वाईट: तयार सॉफ्टवेअर घेऊन त्याचा मूळ कोडच खरवडायचा. पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जातं. लालबागच्या मसालेवाल्याला गिऱ्हाइकाच्या प्रमाणाने ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी मिरची घालून मसाला कांडून द्यायचाय, तर तो हिशोब तयार साइटवर बहुधा मिळणार नाही. तेवढंच वेगळं प्लगइन म्हणून लिहून घ्या. कार्ट, पेमेंट, बिल यांना हात लावू नका. आधी एक हंगाम तयार साइटवर काढा, मग काय अडतंय ते वहीत लिहून आणा. त्या यादीशिवाय मी कोडची बोलणीच करत नाही.

आणि डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग, गेटवे तिन्ही खाती पहिल्या दिवसापासून तुमच्या नावावर, तुमच्या मोबाइल नंबरवर ठेवा. करून देणारा सख्खा पुतण्या असला तरी.