मॅट ग्रेड बदलताना या चुका टाळा

तांब्याच्या भट्टीत तळाशी जमणारे तांबे, लोह आणि गंधकाचे वितळलेले मिश्रण म्हणजे मॅट, आणि त्यातले तांब्याचे टक्के म्हणजे ग्रेड. ती बदलताना बहुतेक बिघाड एकाच सवयीतून होतात. ग्रेड वाढवायची म्हणून ऑक्सिजन वाढवला जातो आणि बाकीचे आकडे तसेच राहतात.

हिशेब करून पाहा. 28 टक्के तांबे, 28 टक्के लोह आणि 32 टक्के गंधक असलेले एक टन कॉन्सन्ट्रेट (समृद्ध केलेले तांब्याचे खनिज) घ्या. ग्रेड 55 वरून 65 टक्क्यांवर नेली की सुमारे 50 किलो जास्त लोह आणि 28 किलो जास्त गंधक भट्टीतच जळते. त्यासाठी साधारण 30 नॉर्मल घनमीटर ऑक्सिजन जादा लागतो. एवढे सगळ्यांना माहीत असते. पण स्लॅगमधले (जळलेले लोह आणि सिलिका मिळून मॅटवर तरंगणारी मळी) लोह-सिलिका गुणोत्तर 1.4 ठेवायचे तर त्या लोहासाठी 36 किलो सिलिकाही वाढवावी लागते. (वाळू म्हणजे निव्वळ सिलिका नव्हे, वजन त्या मानाने धरा.) शिवाय जवळपास 400 मेगाज्यूल उष्णता जास्त निघते. त्यातली काही उष्णता जादा स्लॅग वितळवण्यात जाते. उरलेल्या उष्णतेइतके इंधन कमी केले नाही तर भट्टीच्या अस्तराच्या विटा झिजतात. सिलिका कमी पडली तर मॅग्नेटाइट (सहज न वितळणारा लोहाचा ऑक्साइड) वाढतो, स्लॅग दाटते आणि मॅटचे थेंब तिच्यात अडकून तांबे वाया जाते.

दुसरी चूक: मॅग्नेटाइट साचून भट्टीचा तळ वर आला की फक्त वाळू ओतणे. मॅग्नेटाइट मोडायला सिलिकाबरोबर आयर्न सल्फाइड लागते. 55 टक्के ग्रेडच्या मॅटमध्ये ते साधारण 31 टक्के असते, 70 टक्क्यांच्या मॅटमध्ये जेमतेम 12. म्हणून काही पाळ्या ग्रेड खाली आणा, मग वाळूचा उपयोग होतो. मात्र भिंतींवरचा मॅग्नेटाइटचा थर विटांचे रक्षण करतो. तोही सोबत विरघळतो, तेव्हा कूलिंग पाण्याच्या तापमानावर नजर ठेवा. नुसते तापमान वाढवून स्लॅग पातळ करणे हा तात्पुरता इलाज आहे, आणि तो विटांना महागात पडतो.

प्रत्येक नमुन्यामागे धावणे. भट्टीत 300 टन मॅट आहे आणि तासाला 50 टन बाहेर पडते असे समजा. टॅपहोलवरच्या (मॅट बाहेर काढण्याच्या छिद्रावरच्या) नमुन्यात गेल्या अनेक तासांचे मिश्रण असते. दोन तासांत तीनदा ऑक्सिजन वाढवला तर त्याचा परिणाम पुढच्या पाळीत एकदम दिसतो आणि ग्रेड उद्दिष्टाच्या पलीकडे जाते. दर टन कॉन्सन्ट्रेटमागचा ऑक्सिजन एकदाच बदला आणि थांबा. नमुना टॅपिंगच्या मध्यावर घ्या, सुरुवातीच्या धारेचा नको.

फीड (भट्टीत जाणारे कॉन्सन्ट्रेट) अडकले तरी ऑक्सिजन चालू ठेवणे. सर्वांत धोकादायक चूक हीच. बिनमध्ये माल अडला की येणारा ऑक्सिजन बाथमधलेच (भट्टीतल्या वितळलेल्या द्रवातलेच) आयर्न सल्फाइड जाळतो, स्लॅग अति-ऑक्सिडाइज होते आणि लान्सच्या (वरून नळीने ऑक्सिजन फुंकणाऱ्या) भट्टीत फेस चढतो. फीडच्या वजनकाट्याला ऑक्सिजनचा इंटरलॉक (फीड थांबले की ऑक्सिजन आपोआप बंद करणारी जोडणी) हवाच. तो बायपास करून भट्टी चालवू नये.

ग्रेड वाढवण्याआधी कन्व्हर्टरवाल्यांनाही (पुढच्या टप्प्यात मॅटमधले उरलेले लोह आणि गंधक जाळणाऱ्यांना) विचारा. मॅटमध्ये लोह कमी म्हणजे तिथे उष्णता कमी, त्यामुळे स्क्रॅप आणि रिव्हर्ट (परत वितळवायचा तांबे असलेला उरलेला माल) कमी वितळतात. ढीग वाढू लागला तर ग्रेड दोन-तीन टक्के खाली घ्या.