चवथीची कार्डं आणि पावसाळी हवा: रबर स्टॅम्पिंग शिकणाऱ्यांसाठी

फोंड्यातल्या आमच्या घरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत डब्यातला पापडही सादळतो, मग कार्डाचा कागद कसा टिकावा? आणि कार्डांची सगळ्यांत जास्त मागणी येते ती नेमकी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी. गोव्यात ठशांनी कार्डं करायला शिकणाऱ्याने कागद आणि शाई वाळवायला आधी शिकावं, नक्षीचं नंतर पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

माझी पहिली मोठी ऑर्डर चाळीस कार्डांची होती, माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या फळांनी लटकवलेल्या मांडवाच्या, चित्राची. पिगमेंट शाईचा रंग दाट आणि सुरेख आला होता. वरून कोरडी दिसली म्हणून रात्रीच कार्डं पाकिटात घातली. सकाळी पाहिलं तर पाकिटांच्या आतल्या बाजूला नारळ उमटले होते. दोन रात्री जागून सगळी कार्डं नव्याने केली. डाय शाई कागदात मुरते आणि पटकन वाळते. पिगमेंट शाई कागदाच्या वर बसून राहते, म्हणून तिला वेळ लागतो, पावसात तर फारच. हा फरक मला तेव्हा कळला. सुरुवातीला एक काळी डाय शाई घ्या, कागद २५० ते ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) आणि गुळगुळीत घ्या. खरबरीत कागदावर बारीक रेषा तुटतात.

शाई लावताना ठसा पॅडवर दाबू नका. ठसा उताणा धरा आणि पॅड त्यावर हलक्या हाताने थोपटा, म्हणजे शाई खोबणीत उतरत नाही. कागदावर ठेवलेला ठसा डोलवायचा नाही. सरळ दाबायचा आणि सरळ उचलायचा. पारदर्शक ठशाच्या पाठीला धरायला अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा हवा आणि कागदाखाली थोडं मऊ काही. मी जुन्या वहीची पानं घालते.

उठावाच्या चकचकीत अक्षरांसाठी एम्बॉसिंग करतात. ओल्या पिगमेंट शाईवर एम्बॉसिंग पावडर टाकायची, जादाची झटकायची आणि हीट गनने, म्हणजे खूप गरम हवा सोडणाऱ्या हातातल्या यंत्राने, वितळवायची. केस वाळवायच्या ड्रायरने हे होत नाही: वारा पावडर उडवतो आणि उष्णता पुरत नाही. पावसाळ्यात मात्र कागद ओलसर असल्याने पावडर नको तिथेही चिकटते, अक्षरांभोवती सोनेरी धूळ बसते. म्हणून मी ठसा मारण्याआधी कोऱ्या कागदावर हीट गन फिरवते, तो निवू देते, मग कापडाच्या पुरचुंडीतली टाल्कम पावडर हलकेच टेकवते. तेवढ्याने कडा स्वच्छ येतात. तापवताना दाणे विरघळून चकाकले की लगेच थांबा. जास्त तापलं तर उठाव कागदात जिरतो आणि सपाट, तेलकट डाग उरतो.

माटोळी मला अजूनही सगळ्यांत आवडते, कारण एकावर एक लटकलेली फळं दाखवताना मास्किंग, म्हणजे आधीचं चित्र झाकून पुढचा ठसा मारणं, पक्कं होतं. जे फळ पुढे दिसायला हवं, त्याचा ठसा सगळ्यांत आधी मारायचा. समजा, नारळ. तोच ठसा चिकटचिठ्ठीवर, जिथे मागून गोंद आहे त्या भागाच्या वरच्या बाजूला मारून नारळ कापून काढायचा आणि कार्डावरच्या नारळावर चिकटवायचा. त्याच्यावरून सुपारीचा घोस मारा, मग कागद काढा. घोस नारळाच्या मागे गेलेला दिसतो. आंबाड्यांचा झुबका असाच त्याच्याही मागे. तुकडा रेषेच्या किंचित आतून कापा, नाहीतर दोन चित्रांमध्ये पांढरी फट राहते.

आपल्याकडच्या फळांचे तयार ठसे सहसा मिळत नाहीत, म्हणून मी ते शाळेच्या खोडरबरावर कोरते. पेन्सिलचित्र ट्रेसिंग पेपरवर काढून रबरावर पालथं दाबलं की चित्र उलटं उतरतं आणि ठसा सुलटा येतो. रबरावर थेट अक्षरं लिहिली, तर कार्डावर ती आरशातल्यासारखी उमटतील. देवनागरीत शिरोरेषा जपावी लागते. ती जाड ठेवा आणि लिनो कटरचं (कोरायच्या छोट्या अवजाराचं) पातं रेषेपासून बाहेर झुकवून चालवा, म्हणजे रेषेच्या बुडाशी आधार राहतो. आत झुकवून कोरलं, की चार ठशांत कड मोडते.

ठसे धुवून, सुकवून आणि उन्हापासून दूर ठेवा. पारदर्शक ठसे उन्हात पिवळे पडतात, रबर कडक होतं. कागद मी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते.

चवथीच्या ऑर्डरी मी आता तीन आठवडे आधीच थांबवते. तयार कार्डं दोरीवर पंख्याखाली दोन दिवस असतात, आणि एक कार्ड बोटाने पुसून पाहिल्याशिवाय पाकिटांना हात लावत नाही.