हलगीच्या ठोक्याला चमकणारा स्ट्रोब

आमच्या मंडळाचा लेझीमचा सराव गणपतीच्या महिनाभर आधी सुरू होतो. मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा. पाळी सुटली की मंडळाच्या लाईटचं काम माझ्याकडं. मागच्या वर्षी पोरांनी साडेचारशे रुपयांचा स्ट्रोब, म्हणजे झपझप चमकणारा लाईट, आणून खांबाला बांधला. हलगी एका चालीत आणि झगमगाट भलत्याच चालीत. मागच्या रांगेतली बारकी पोरं पावलं चुकायला लागली. कानाला एक ताल आणि डोळ्याला दुसरा, तर पोरं चुकणारच. महिनाभर घाम गाळलेल्या पोरांचं पाऊल एका लाईटपायी चुकावं हे मला बघवेना. त्याच रात्री तो खाली उतरवला आणि हलगीच्याच ठोक्याला चमकेल असा करायचं ठरवलं.

खोक्यात वाकडी काचेची नळी दिसली तर तो झेनॉनचा स्ट्रोब. मी सांगतोय ते त्याचंच. एलईडीच्या स्ट्रोबचं सर्किट वेगळं असतं, त्याला हे जसंच्या तसं लावू नका.

प्लग काढला म्हणजे करंट गेला असं धरू नका. २३० व्होल्ट एसी डायोडमधून गेला की मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत डीसी साठतो, आणि प्लग काढल्यावरही तिथंच बसून राहतो. मी १० के (किलो-ओहम), ५ वॅटच्या रेझिस्टरला दोन इन्सुलेटेड वायरी लावून ठेवल्यात. प्लग काढायचा, त्या वायरी कपॅसिटरच्या दोन्ही पायांवर दहा आकडे मोजेपर्यंत धरायच्या, मग मीटरवर शून्य आलेलं स्वतः बघायचं. प्रत्येक वेळी, चहा पिऊन परत बसलो तरी. मेनवर कधी काम केलं नसेल तर एखाद्या वायरमनला शेजारी बसवा. आणि कपॅसिटरवर ३५० व्होल्टच्या वर दिसलं तर तो व्होल्टेज दुप्पट करणारा प्रकार आहे. तो तसाच बंद करून ठेवा.

आता आतलं काम समजून घ्या. मोठा कपॅसिटर नळीला लागूनच असतो, पण नळी आपणहून पेटत नाही. शेजारी एक छोटा कपॅसिटर असतो, बहुतेक ०.१ मायक्रोफॅरडचा. एससीआर म्हणजे गेटच्या पायाला धक्का मिळाला की चालू होणारा स्विच. तो चालू झाला की छोटा कपॅसिटर ट्रिगर कॉइलमधून एकदम रिकामा होतो, कॉइल काही हजार व्होल्टचा झटका नळीवरच्या बारीक तारेला देते, आतला वायू वाहता होतो आणि मोठ्या कपॅसिटरमधली सगळी ताकद उजेड होऊन बाहेर पडते. एससीआरला कधी चालू व्हायचं ते सांगतो डायक. त्याच्यामागचा कपॅसिटर स्पीडच्या नॉबमधून भरतो, साधारण ३२ व्होल्टला डायक एकदम वाहता होतो आणि गेटला धक्का मिळतो. आपल्याला हा धक्का हलगीकडून द्यायचाय, बाकी काही बदलायचं नाही.

डायकचा एक पाय बोर्डातून उचला आणि त्यावर स्लीव्ह चढवा. आता एमओसी ३०५२ हा ऑप्टोकपलर घ्या. त्याचा ६ नंबरचा पाय २.२ के, अर्ध्या वॅटच्या रेझिस्टरमधून एससीआरच्या ॲनोडला आणि ४ नंबरचा पाय गेटला जोडा. गेट आणि कॅथोडच्या मध्ये १ केचा रेझिस्टर आधीच नसेल तर टाका. मेनच्या बाजूचं काम एवढंच.

हा ऑप्टोकपलर वगळायचा विचार मनात आणू नका. एकानं मला अँपचीच वायर सरळ गेटला जोडायला सांगितलं होतं. तसं केलं तर मेनचा करंट अँपमधून थेट माईकपर्यंत येतो, आणि माईक पोराच्या हातात असतो. ऑप्टोकपलरच्या एका बाजूला मेन, दुसऱ्या बाजूला माईक, मधून फक्त उजेड जातो. म्हणून मी व्हेरोबोर्डवर (तांब्याच्या पट्ट्यांचा तयार बोर्ड) ऑप्टोकपलरच्या पायांच्या दोन रांगांच्या मधलं तांबं कटरनं पार खरवडून काढलं, भिंगातून बघितलं, आणि दोन्ही बाजूंच्या वायरी खोक्याच्या दोन टोकांनी बाहेर नेल्या. या एका कामाला माझा पाऊण तास गेला. तुम्हीही द्या.

माईकच्या बाजूला ५ व्होल्टचा चांगला मोबाईल चार्जर चालतो. पण त्याची कुरकुर माईकमध्ये शिरते, म्हणून सप्लायवर १०० मायक्रोफॅरड टाकायचा. कंडेन्सर माईकला ४.७ केमधून सप्लाय द्या. पुढं एलएम३५८, एकाच आयसीत दोन छोटे अँप. त्याच्या पहिल्या अर्ध्यात १ के आणि १०० केनं आवाज शंभरपट करायचा. दोन १० केच्या मधून अडीच व्होल्टचा बायस. दुसरा अर्धा कंपॅरेटर: आवाज उलट्या इनपुटला, सुलट्या इनपुटला १० केचा नॉब, नॉबच्या दोन्ही बाजूंना आणखी १० के. आवाज नॉबच्या वर चढला की आउटपुट खाली पडतं आणि ५५५ या टायमर आयसीच्या २ नंबरच्या पायाला ट्रिगर मिळतो.

५५५ मोनोस्टेबलमध्ये, म्हणजे एका ट्रिगरला एकच ठरलेला पल्स, ३९० के आणि १ मायक्रोफॅरड. १.१ गुणिले आर गुणिले सी, म्हणजे जवळपास ०.४३ सेकंद. एकदा चमकला की तेवढा वेळ तो पुढचा कुठलाही आवाज ऐकत नाही. हे मी मुद्दाम ठेवलंय. सेकंदाला तीनाच्या वर चमक नको, कारण वेगानं चमकणाऱ्या उजेडानं काही जणांना आकडी येते, आणि बघणाऱ्या गर्दीत कोणाला तो त्रास आहे हे आपल्याला माहीत नसतं. हलगी जलद झाली की तो मधले ठोके सोडतो. सोडू द्या.

पहिल्या रात्री मी ५५५ चं आउटपुट रेझिस्टरमधून सरळ ऑप्टोकपलरला दिलं. स्ट्रोब एक ठोका धरायचा, पुढचा हुकायचा. दोन तास मी माईकच बदलत बसलो. कारण वेगळंच होतं: पूर्ण ०.४३ सेकंद गेट दाबलेलं राहायचं, तोवर छोटा कपॅसिटर भरायचाच नाही, आणि पुढचा ठोका लगेच आला की द्यायला त्याच्याकडं काही नसायचं. ५५५ च्या आउटपुटला १० मायक्रोफॅरड, मग १२० ओहम, मग ऑप्टोकपलरचा १ नंबरचा पाय, असं जोडल्यावर फक्त सुरुवातीचा टिचकीएवढा पल्स जायला लागला. कपॅसिटर परत रिकामा व्हावा म्हणून पाय १ आणि २ वर १एन४१४८ उलटा बसवा. त्यानंतर एकही ठोका हुकला नाही.

ढोलाला चमकवायचं असेल तर एलएम३५८ च्या दोन अर्ध्यांच्या मधे १० के आणि ०.१ मायक्रोफॅरड टाका. साधारण १६० हर्ट्झच्या वरचा आवाज त्यात कमी होतो, ढोलाचा घुमारा राहतो. आमची हलगी कडाडते, तिचा आवाज वरचा, म्हणून मी हा ०.१ काढूनच टाकलाय. माईक खोक्यात बसवू नका, नळीची टकटक त्यालाच ऐकू येते. मीटरभर शील्ड वायर लावून हलगीवाल्याजवळ ठेवा आणि हलगी वाजताना नॉब हळूहळू फिरवा. लेझमीच्या चकत्यांना चमकायला लागला तर थोडं मागं या.

एक गोष्ट जॉबर म्हणून सांगतो. हा स्ट्रोब मागाजवळ, पंख्याजवळ किंवा चालत्या पट्ट्याजवळ लावून तपासू नका. चमक आणि फिरणं जुळलं की चालू मशीन थांबलेलं दिसतं, आणि हात आपोआप पुढं जातो.

यंदा सराव सुरू झाल्यावर माझा स्ट्रोब त्याच खांबाला चढला. उस्तादांनी हलगीवर पहिली थाप मारली, पूर्ण मैदान एकदा पांढरं झालं, आणि मागच्या रांगेतल्या पोरांचे पाय एकदमच उचलले गेले.