अमेरिकन यादवी युद्धाची कारणं: ‘राज्य’ आणि ‘प्रदेश’ यांतली गफलत आधी दूर करा

यूपीएससी मुख्य परीक्षेच्या इतिहास वैकल्पिकच्या दुसऱ्या पेपरात हा विषय लिंकन आणि गुलामगिरीच्या निर्मूलनासोबत येतो, सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात जगाच्या इतिहासातून येतो, एम.ए.ला तर त्यावर स्वतंत्र प्रकरण असतं. उत्तरेत कारखाने, दक्षिणेत कापसाचे मळे, १८६१ ते १८६५ युद्ध, लिंकनची हत्या, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरूनच पुढे लिहितो.

उत्तरं फसतात ती एका साध्या वाक्यामुळे: “उत्तरेला गुलामगिरी नष्ट करायची होती, दक्षिणेला ती टिकवायची होती, म्हणून युद्ध झालं.” हे वाक्य बरोबर वाटतं, म्हणूनच ते फार काळ डोक्यातून निघत नाही. माझ्याही निघालं नव्हतं. या वाक्यावर उभं राहून १८४६ ते १८६१ मधली एकही घटना नीट उलगडत नाही. विल्मट प्रस्ताव कशासाठी होता? कॅन्सससारख्या जवळजवळ ओसाड भागासाठी माणसं का मेली? ड्रेड स्कॉट खटल्याने देश का हादरला? मग आपण या सगळ्यांची सनावळी पाठ करतो आणि परीक्षेत ती एकामागून एक ओततो.

वाक्य का चुकतं ते बघा. रिपब्लिकन पक्षाने १८६० ची निवडणूक ज्या कार्यक्रमावर लढवली, त्यात दक्षिणेच्या राज्यांतली गुलामगिरी मोडण्याची मागणी नव्हती. उलट आपापल्या अंतर्गत व्यवस्था ठरवण्याचा राज्यांचा हक्क त्यात मान्य केला होता. ४ मार्च १८६१ च्या शपथविधीच्या भाषणात याच पक्षाचा नवा अध्यक्ष लिंकन याने तेच पुन्हा सांगितलं. त्याच्या दोनच दिवस आधी सिनेटने एक घटनादुरुस्ती मंजूर केली होती, ती कॉर्विन दुरुस्ती. राज्यांतल्या गुलामगिरीत केंद्राला कधीही ढवळाढवळ करता येऊ नये, असा तिचा आशय. दोन्ही सभागृहांत तिला दोन तृतीयांश मतं मिळाली होती आणि लिंकननेही भाषणात तिला हरकत नसल्याचं म्हटलं. तरीही लिंकन निवडून आल्यावर संघातून फुटून गेलेली दक्षिणेची सात राज्यं परत आली नाहीत.

आता शेजारी दुसरा प्रस्ताव ठेवा. डिसेंबर १८६० मध्ये सिनेटर क्रिटेंडनने सुचवलं की १८२० च्या तडजोडीत गुलामगिरीची हद्द म्हणून ठरलेली ३६ अंश ३० मिनिटांची जुनी रेषा थेट पॅसिफिकपर्यंत न्यावी आणि तिच्या दक्षिणेकडच्या प्रदेशांत गुलामगिरीला संरक्षण द्यावं. याला मात्र लिंकनने ठाम नकार दिला आणि विस्ताराच्या मुद्द्यावर तडजोड करू नका, असं आपल्या सहकाऱ्यांना पत्रांतून कळवलं. जिथे गुलामगिरी आहे तिथल्या हमीला होकार, नव्या जमिनीवर नकार. हे दोन प्रस्ताव वहीत समोरासमोर लिहा. विषयाचा गाभा त्या दोघांच्या मधे आहे.

हा गाभा कळायला ‘राज्य’ आणि ‘प्रदेश’ हे दोन शब्द काटेकोरपणे वेगळे ठेवावे लागतात. मराठी पुस्तकांत ‘प्रदेश’ हा शब्द सैलपणे, भूभाग या अर्थाने येतो, आणि गफलत तिथेच सुरू होते. अमेरिकेच्या संदर्भात प्रदेश म्हणजे अजून राज्याचा दर्जा न मिळालेली जमीन. १८०३ ला फ्रान्सकडून विकत घेतलेल्या आणि १८४८ ला मेक्सिकोकडून युद्धात मिळवलेल्या विस्तीर्ण भागात पुरेशी वस्ती होईपर्यंत राज्यपाल वॉशिंग्टनहून नेमला जाई आणि अंतिम अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा असे. आपल्याकडच्या केंद्रशासित प्रदेशासारखं समजा. फक्त हे प्रदेश पुढेमागे राज्य व्हायचेच होते. राज्यांतल्या गुलामगिरीवर केंद्राचा अधिकार नाही, हे लिंकनसह जवळजवळ सगळे राजकारणी मानत. प्रदेशांत कायदा कोण करणार यावर मात्र एकमत नव्हतं. काँग्रेस? तिथले रहिवासी? की कोणीच नाही, कारण गुलाम ही ‘मालमत्ता’ आहे आणि मालक ती कुठेही नेऊ शकतो? १८४६ नंतरचं सगळं राजकारण या तीन उत्तरांमधलं भांडण आहे.

मग नव्या जमिनीचा एवढा हट्ट का? इथे थोडं गणित करा, फार उपयोगी पडतं. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन सदस्य, लोकसंख्या कितीही असो. १८५० च्या आधी गुलामगिरीची १५ आणि मुक्त, म्हणजे गुलामगिरीला बंदी असलेली, १५ राज्यं होती. कॅलिफोर्नियाने तोल १६–१५ केला, १८५८ ला मिनेसोटा आणि १८५९ ला ऑरेगॉन आल्यावर तो १८–१५ झाला. घटनादुरुस्तीला तीन चतुर्थांश राज्यांची संमती लागते. म्हणजे १५ राज्यांच्या विरोधात गुलामगिरी घटनेतून काढायची तर मुक्त राज्यं ४५ हवीत, एकूण ६०. तेव्हा देशात राज्यं होती ३३. त्यामुळे लिंकनला कायद्याच्या मार्गाने गुलामगिरी लगेच संपवणं शक्यच नव्हतं. पण प्रत्येक नवा प्रदेश मुक्त राज्य होत गेला, तर काळाचं पारडं एकाच बाजूला झुकणार होतं. लिंकनने १८५८ च्या भाषणात गुलामगिरी ‘अंतिम लोपाच्या’ वाटेवर ठेवण्याची भाषा केली, तिचा अर्थ मळेवाल्यांनी अचूक ओळखला होता.

पैशाचा भाग तुम्ही वाचलाच असेल, थोडक्यात सांगतो. १७९३ मध्ये व्हिटनीने सरकी वेगळी करणारं यंत्र केलं, आपण ज्याला जिनिंग म्हणतो तेच काम. त्याने आखूड धाग्याचा कापूस परवडू लागला आणि ओसरेल असं वाटणारी गुलामगिरी फोफावली. १८६० च्या जनगणनेत गुलामांची संख्या सुमारे ३९.५ लाख होती. अमेरिकेच्या निर्यातीच्या निम्म्याहून अधिक किंमत एकट्या कापसाची. गुलामांमध्ये ‘गुंतलेलं’ भांडवल इतिहासकार ३ अब्ज डॉलरच्या आसपास धरतात. साडेएकोणचाळीस लाख जिवंत माणसांची किंमत भांडवलाच्या रकान्यात मांडली जात होती. हा आकडा उत्तरात घाईने लिहून पुढे जाऊ नका. आणि दक्षिणेतला प्रत्येक गोरा गुलामांचा मालक होता, असंही लिहू नका. गुलाम असणारी कुटुंबं साधारण चौथा हिस्सा होती. उरलेले का लढले, हा पुढचा चांगला प्रश्न आहे. त्याच्या उत्तरात वंशश्रेष्ठत्व आणि मुक्त कृष्णवर्णीयांची भीती आणावीच लागते.

आता साखळी. तारखा पाठ करण्याआधी प्रत्येक घटनेसमोर एकच गोष्ट लिहा: प्रदेशांच्या प्रश्नावर हिने कोणतं उत्तर दिलं?

१८२० ची मिसुरी तडजोड: काँग्रेस ठरवेल, रेषेच्या उत्तरेला गुलामगिरी नाही, मिसुरी अपवाद. १८४६ चा विल्मट प्रस्ताव: मेक्सिकोकडून मिळेल त्या जमिनीवर गुलामगिरी अजिबात नाही. प्रतिनिधिगृहात मंजूर, सिनेटमध्ये नामंजूर. मतदानात पक्ष फुटून उत्तर-दक्षिण अशी विभागणी झाली, ती नीट लक्षात ठेवा. १८५० ची तडजोड: कॅलिफोर्निया मुक्त, न्यू मेक्सिको आणि युटामध्ये रहिवासी ठरवतील. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ‘वॉशिंग्टनमध्ये गुलामगिरी बंद झाली’ असं लिहिणं. बंद झाला तो गुलामांचा व्यापार, गुलामगिरी नव्हे.

१८५४ चा कॅन्सस-नेब्रास्का कायदा या साखळीतला सगळ्यात महत्त्वाचा दुवा आहे आणि नोट्समध्ये त्याला दोन ओळी मिळतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. डेमोक्रॅट सिनेटर डग्लसने रहिवाशांनी ठरवण्याचं तत्त्व रेषेच्या उत्तरेलाही लावलं, म्हणजे ३४ वर्षांची मिसुरी तडजोड मोडली. त्यातून त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. पण रहिवासी म्हणजे कोण? मार्च १८५५ च्या निवडणुकीत कॅन्ससमध्ये पात्र मतदार तीन हजारांहून कमी होते आणि मतं पडली सहा हजारांहून जास्त, कारण शेजारच्या मिसुरीतून सशस्त्र टोळ्या येऊन मतं टाकून गेल्या. मे १८५६ चा एक आठवडा स्वतंत्र पाठ करा: २१ ला लॉरेन्स गावाची लूट, २२ ला सिनेटच्या सभागृहातच गुलामगिरीविरोधी सिनेटर समनरला काठीने बेदम मारहाण, २४ च्या रात्री कट्टर गुलामगिरीविरोधक जॉन ब्राउनच्या गटाने पॉटावाटोमी खाडीजवळ पाच जणांची केलेली हत्या. रहिवाशांवर सोपवण्याचा तोडगा इथेच रक्तात बुडाला.

मार्च १८५७ मध्ये, ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने तिसरं उत्तर दिलं: काँग्रेसला प्रदेशांत गुलामगिरी रोखताच येत नाही. सात विरुद्ध दोन असा निकाल. कृष्णवर्णीय अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत, असंही सरन्यायाधीश टॅनीने त्यात म्हटलं. म्हणजे रिपब्लिकन पक्षाचा मुख्य कार्यक्रमच घटनाबाह्य ठरला आणि डग्लसचं तत्त्वही अडचणीत आलं. १८६० ला चार्ल्सटनच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्ष फुटला तो याच कारणाने: दक्षिणेच्या प्रतिनिधींना प्रदेशांत गुलामगिरीचं संरक्षण करणारा केंद्रीय कायदा हवा होता. चौरंगी लढतीत लिंकन सुमारे ४० टक्के मतांवर, पण १८० निर्वाचक मतं घेऊन जिंकला. दक्षिणेच्या दहा राज्यांत त्याच्या नावाने मतपत्रिकाच नव्हत्या. म्हणजे आपल्या मतांशिवायही देशाची सत्ता मिळू शकते, हे दक्षिणेला जास्त बोचलं.

इथवर आलात तर अवघड चढ संपला. यापुढचं त्या मानाने सोपं आहे.

‘राज्यांचे हक्क हे खरं कारण, गुलामगिरी निमित्त’ हे वाक्य क्लासमध्ये ऐकाल. जरूर तपासा, पण मूळ कागद वाचून. साउथ कॅरोलायना, मिसिसिपी, जॉर्जिया आणि टेक्सस यांनी फुटण्याची कारणं लेखी जाहीर केली होती. चारही जाहीरनामे एका संध्याकाळी वाचून होतात. आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे, असं मिसिसिपी सुरुवातीलाच सांगतं. साउथ कॅरोलायनाची मोठी तक्रार तर उत्तरेची राज्यं पळालेले गुलाम परत देत नाहीत ही आहे. म्हणजे तक्रार उत्तरेच्या राज्यांनी आपले हक्क वापरले याची होती! १८५० चा पळालेल्या गुलामांचा कायदा बघा: आरोपीला ज्यूरी नाही, मदत करणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि आयुक्ताने माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर १० डॉलर, सोडला तर ५ डॉलर शुल्क. केंद्राचा हा दंडुका दक्षिणेला हवा होता. विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला तेव्हा राज्याच्या हक्काची भाषा उत्तर बोलत होती. आणि फुटलेल्या राज्यांनी मार्च १८६१ मध्ये स्वतःसाठी केलेल्या राज्यघटनेत नव्या प्रदेशांमध्ये गुलामगिरीला संरक्षण देणं बंधनकारक केलं होतं. तिथेही प्रदेशच.

आयातकराला एक ओळ द्या, त्याहून जास्त नको. १८३२ चा साउथ कॅरोलायनाचा वाद खरा होता, पण तो १८३३ ला मिटला. १८५७ ला कर आणखी उतरले होते, आणि मॉरिल कायद्याने ते वाढले तोवर सात राज्यं निघून गेली होती.

उत्तर लिहिताना १५ गुणांच्या २५० शब्दांत तीस-चाळीस शब्दांची आर्थिक पार्श्वभूमी, मग प्रदेशांचा प्रश्न आणि त्याच्या चार-पाच पायऱ्या, मग १८६० ची निवडणूक आणि फुटणं, एवढंच बसतं. युद्धातल्या लढाया कारणांच्या उत्तरात घुसवू नका. फुटलेली राज्यं दोन हप्त्यांत लिहा: ज्याने युद्ध सुरू झालं त्या समटर किल्ल्यावरच्या हल्ल्याआधी सात, १५ एप्रिल १८६१ ला लिंकनने ७५,००० स्वयंसैनिक मागवल्यावर व्हर्जिनिया, अर्कन्सास, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना अशी चार. गुलामगिरीची उरलेली चार राज्यं, मिसुरी, केंटकी, मेरीलँड आणि डेलावेअर, संघातच राहिली. हे विसरलं की १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा या चार राज्यांना का लागू नव्हता हे कळत नाही, आणि गुलामगिरी देशभर संपवणाऱ्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीची गरज का पडली तेही.

आद्याक्षरं जुळवून केलेल्या युक्त्यांवर माझा विश्वास नाही. नावं लक्षात राहतात, दुवे तुटतात. मार्गदर्शक निवडताना त्यांना विल्मट प्रस्ताव समजावून सांगायला सांगा. ‘तो महत्त्वाचा नाही’ असं उत्तर आलं तर या विषयापुरता दुसरा मार्गदर्शक शोधा. आणि मुंबईतल्या कापसाच्या तेजीकडे धावण्याचा मोह आवरा. दक्षिणेची बंदरं नाकेबंदीत अडकल्यावर इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ ला बाजार कोसळला, हा परिणाम आहे, कारण नव्हे. जोतीराव फुल्यांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तो संदर्भही परिणामांच्या प्रश्नासाठी राखून ठेवा. तिथे तो उत्तराला खरी उंची देतो.

सरावाला आधी कोऱ्या नकाशावर ३६ अंश ३० मिनिटांची रेषा काढा, वर मिसुरी आणि कॅन्सस दाखवा, पश्चिमेला १८४८ ची जमीन रंगवा. मग पुस्तक मिटून लिहा: “१८५४ चा कायदा झाला नसता तर रिपब्लिकन पक्ष १८५६ पर्यंत उभा राहिला असता का?” पहिल्यांदा लिहायला तास लागेल. तिसऱ्यांदा वीस मिनिटं पुरतील.