तरुण तारकागुच्छांतलं रसायन: एमएस्सी प्रकल्पाला हात घालण्याआधी

नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला बसून हा विषय घ्यायचा असेल, तर स्वतः निरीक्षण करण्याचा विचार सोडा. कामाचे गुच्छ मॅगेलनी मेघांत, म्हणजे आपल्या आकाशगंगेजवळच्या दोन छोट्या दीर्घिकांत आहेत, आणि मोठा मेघ लातूरहूनसुद्धा क्षितिजाच्या जेमतेम दीड-दोन अंश वर येतो. हबल दुर्बिणीच्या प्रतिमा मास्ट या ऑनलाइन संग्रहात फुकट मिळतात. तिच्या यूव्हीआयएस या अतिनील आणि दृश्य प्रकाशाच्या कॅमेऱ्याच्या ‘एफएलसी’ फायलीच घ्या. त्यांत डिटेक्टरमध्ये अडकून राहणाऱ्या विद्युतभाराची दुरुस्ती केलेली असते. फायली जड असतात, म्हणून रात्री उतरवायला लावा आणि तुटलं तिथून पुढे सुरू होईल अशी सोय ठेवा. लाइट कधी जाईल सांगता येत नाही.

प्रश्न असा. दहा अब्ज वर्षांहून जुन्या गोलाकार गुच्छांत काही ताऱ्यांत नायट्रोजन आणि सोडियम जास्त, तर कार्बन आणि ऑक्सिजन कमी असतो. हायड्रोजन फार उच्च तापमानाला जळाल्याची ही खूण. पण हा माल त्या ताऱ्यांत आला कुठून, यावर एकमत नाही. मग तरुण, वजनदार गुच्छांत काय? सुमारे २ अब्ज वर्षांच्या एनजीसी १९७८ या गुच्छात नायट्रोजनचा फरक सापडला, सुमारे १.५ अब्ज वर्षांच्या एनजीसी ४१९च्या राक्षसी (म्हातारपणी फुगलेल्या) ताऱ्यांत सापडला नाही.

एवढ्यावरून वयाची सीमारेषा ओढायची घाई नको. तांबडा राक्षसी होताना ताऱ्याचं आवरण खोलवर ढवळलं जातं आणि आत तयार झालेला नायट्रोजन वर येतो. गुच्छ जितका तरुण, तितके त्याचे राक्षसी तारे वजनदार आणि ही भर मोठी. जन्मजात फरक तिच्यात बुडून जातो. म्हणून न ढवळलेले, मुख्य क्रमावरचे, म्हणजे गाभ्यात अजून हायड्रोजन जाळणारे मंद तारे तपासावे लागतात. सुमारे १.५ अब्ज वर्षांच्याच एनजीसी १७८३मध्ये ते तपासले, तेव्हा फरक दिसला.

एफ३३६डब्ल्यू किंवा अरुंद एफ३४३एन फिल्टर हवाच, कारण एनएच (नायट्रोजन-हायड्रोजन) रेणूचा शोषणपट्टा ३३७० अँगस्ट्रॉम तरंगलांबीजवळ पडतो. जोडीला एफ४३८डब्ल्यू आणि एफ८१४डब्ल्यू. ताऱ्यांच्या तेजाची मोजणी डॉल्फॉट या सॉफ्टवेअरने करा आणि प्रतिमेत कृत्रिम तारे टाकून तेच मोजमाप पुन्हा करा. त्यातून आलेल्या त्रुटीपेक्षा रंग-तेज आलेखातल्या क्रमाची रुंदी ठळकपणे जास्त असेल, तरच पुढे बोला. धूळ जागोजागी कमी-जास्त असली की क्रम आपोआप रुंदावतो. ती दुरुस्ती आधी. जोडताऱ्यांमुळेही मुख्य क्रम तांबड्या बाजूला पसरतो. आणि २ अब्ज वर्षांखालच्या गुच्छांत मुख्य क्रमाचं वळण (तारे तो क्रम सोडतात ती जागा) जाड दिसतं, ते बहुतांशी ताऱ्यांच्या वेगवेगळ्या परिवलनामुळे. त्याला रसायन समजू नका; मौखिक परीक्षेत नेमका इथेच प्रश्न येतो.

सोडियमसाठी वर्णपट लागतो. ५८९० अँगस्ट्रॉमची प्रसिद्ध जोडी टाळा: ती संपृक्त होते, शिवाय वाटेतल्या वायूचं शोषणही तिच्यात मिसळतं. ५६८२-५६८८ किंवा ६१५४-६१६० या रेषा घ्या, आणि तुलना आयुष्याच्या एकाच टप्प्यावरच्या, जवळपास सारख्या तापमानाच्या ताऱ्यांतच करा.