जुन्या एक्सपी मशीनवरून नोव्हेल क्लायंट काढताना

जिनिंगच्या काट्यावर, कृषी केंद्राच्या काउंटरवर, एखाद्या शाळेच्या कोपऱ्यात पेंटियम फोरची डेस्कटॉप अजून सापडतात. बरीचशी कुठल्या तरी कार्यालयाच्या लिलावातून आलेली. चालू केलं की विंडोज एक्सपीच्या जागी नोव्हेलची लाल खिडकी उभी राहते आणि गिऱ्हाईक दुकानात येऊन म्हणतं, "भाऊ, पासवर्ड मागून रायलं." नोव्हेल क्लायंट म्हणजे ऑफिसातल्या नोव्हेलच्या नेटवेअर सर्व्हरला मशीन जोडणारा प्रोग्रॅम. ज्या सर्व्हरसाठी तो टाकला होता, तो सर्व्हर केव्हाच भंगारात गेलेला असतो.

फॉरमॅट मारणं सोपं आहे. पण काट्याचं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर असतं, त्याची सीडी हरवलेली असते आणि ते इन्स्टॉल करून देणारा माणूस फोन उचलत नाही. म्हणून क्लायंट तेवढाच काढायला शिका.

एक गोष्ट आधी समजून घ्या. हा क्लायंट साध्या प्रोग्रॅमसारखा एका फोल्डरात बसत नाही, तो विंडोजचं दारच बदलतो. एक्सपीची लॉगिन खिडकी एमएसजिना.डीएलएल ही फाइल दाखवते. नोव्हेल तिथे स्वतःची एनडब्ल्यूजिना.डीएलएल बसवतो आणि रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत) विनलॉगॉनखाली 'जिनाडीएलएल' नावाची नोंद करतो. प्रोग्रॅम फाइल्समधलं नोव्हेलचं फोल्डर उडवून काम झालं असं समजणारे पोरं इथेच फसतात.

सुरुवात अनइन्स्टॉलने नाही, पासवर्डने करायची. नोव्हेलच्या खिडकीत 'वर्कस्टेशन ओन्ली'वर टिक करा म्हणजे सर्व्हर न शोधता त्याच मशीनवरचं खातं उघडतं. खातं अॅडमिनिस्ट्रेटरच्या हक्कांचं हवं आणि त्याचा पासवर्ड तुमच्या हातात हवा. रनमध्ये 'कंट्रोल युजरपासवर्ड्स२' टाकलं (टाईप अर्थातच इंग्रजीत, मधे एकच स्पेस) की खात्यांची यादी येते, तिथून दुसऱ्या खात्याचा पासवर्ड बदलता येतो. मात्र त्या खात्याच्या फाइलींची नावं हिरव्या अक्षरांत दिसत असतील तर थांबा. त्या एन्क्रिप्ट केलेल्या आहेत, पासवर्ड असा बाहेरून बदलला तर उघडणार नाहीत.

मग एफ आणि झेड ड्राइव्ह बघा. नेटवेअरमध्ये सर्व्हरचे ड्राइव्ह बहुधा एफपासून पुढे आणि झेडपासून मागे लागत. काट्याच्या प्रोग्रॅमची बॅच फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तिच्यात एफचा रस्ता असेल तर डेटा सर्व्हरवर होता, या मशीनवर कधी नव्हताच. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाका, नाहीतर "तुम्हीच उडवला" हे ऐकावं लागतं.

काही बिघडलं तर मागे फिरता यावं म्हणून सिस्टम रिस्टोअरचा पॉइंट बनवा. सी ड्राइव्हवर निदान २०० एमबी जागा लागते. घड्याळ २००२ दाखवत असेल तर आधी सीआर२०३२चा सेल बदलून तारीख नीट करा, नाहीतर नंतर पॉइंट ओळखू येत नाही. आणि यूपीएस. लाइट कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून यूपीएसचा प्लग काढून मशीन ५ मिनिटं तग धरतं का ते आधी बघा. अर्धवट अनइन्स्टॉल हेच पुढच्या सगळ्या डोकेदुखीचं मूळ.

आता खरं काम, तेच सगळ्यात लहान. रनमध्ये एनसीपीए.सीपीएल, लोकल एरिया कनेक्शनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, यादीतला 'नोव्हेल क्लायंट फॉर विंडोज' निवडा, अनइन्स्टॉल, मग रीस्टार्ट. नुसती टिक काढू नका. त्याने क्लायंट तेवढ्या लॅनकार्डापुरता बंद होतो, निघत नाही. शेजारचा 'क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स' घाईत निवडला जातो, त्याला हात लावायचा नाही. नंतर अॅड-रिमूव्हमध्ये आधी एनएमएएस (नोव्हेलचा लॉगिन तपासणारा भाग), मग एनआयसीआय (त्याचा एन्क्रिप्शनचा भाग) काढा. पहिला दुसऱ्यावर चालतो, म्हणून हा क्रम.

मधेच लाइट गेली किंवा कोणी फाइल उडवली, तर चालू होताना 'लॉगॉन युजर इंटरफेस डीएलएल लोड झाली नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो आणि रीस्टार्टचं एकच बटण. घाबरायचं नाही. एफ८ दाबून साधा सेफ मोड घ्या, नेटवर्किंगवाला नको. साध्या सेफ मोडमध्ये विंडोज स्वतःचीच जिना, म्हणजे लॉगिन खिडकीची डीएलएल, वापरते. एफ८ लागत नसेल तर यूएसबी कीबोर्ड काढून गोल पिनचा पीएस-टू लावा, जुन्या बायोसमध्ये यूएसबीचा सपोर्ट बऱ्याचदा बंद असतो. आत गेल्यावर रेजएडिटमध्ये एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, विनलॉगॉन इथवर जा, ती की एक्स्पोर्ट करून ठेवा आणि फक्त 'जिनाडीएलएल' ही नोंद डिलीट करा. त्याच यादीतल्या 'युजरइनिट'ला धक्का लागला तर लॉगिन होताच लॉगऑफ होतं, मग बसा.

सेफ मोडही उघडत नसेल तर एक्सपीची सीडी लावा, आर दाबून रिकव्हरी कन्सोलमध्ये शिरा, सिस्टम३२मध्ये जा आणि एमएसजिना.डीएलएलची प्रत एनडब्ल्यूजिना.डीएलएल या नावाने करा. विंडोजला त्या नावाची फाइल मिळते, दार उघडतं. मग वरची नोंद पुसा आणि ती प्रतही काढा.

लॉगिन जमलं तरी डेस्कटॉप यायला फार वेळ लागत असेल, तर नेटवर्क कनेक्शन्सच्या अॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'प्रोव्हायडर ऑर्डर' बघा. नोव्हेल तिथे अजून वर बसलेला असतो, त्याला खाली सरकवा. आणि "नेट चालत नाही" ही तक्रार आली, तर दोष बहुधा क्लायंटचा नसतो. टीसीपी-आयपीमध्ये जुन्या ऑफिसचा पक्का आयपी आणि डीएनएस तसाच पडलेला असतो, तो ऑटोमॅटिकवर टाका. तेही शेजारच्या मशीनशी किंवा प्रिंटरशी जोडण्यापुरतंच. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ला बंद झालेत, काट्याचं मशीन इंटरनेटवर ठेवू नका.