खाऱ्या-दमट हवेत धुळीचा लेझर सेन्सर टिकवायचा तर

एसडीएस०११ हा हवेतली धूळ मोजणारा लेझर सेन्सर जोडला की आपण तो रात्रंदिवस चालू ठेवतो. त्याच्या लेझरचं आयुष्य सुमारे ८,००० तास, म्हणजे जेमतेम अकरा महिने. शिवाय तो ७० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला. कोकणात पहाटे आर्द्रता त्याच्या वर सहज जाते आणि धुक्याचे थेंबही त्याला धूळच वाटतात.

मालवणला आमच्या पडवीत तो असा लावलाय:

१. वर्किंग पिरियड (सेन्सर किती वेळाने जागा होणार ती सेटिंग) ५ मिनिटांवर ठेवा. मग दर पाच मिनिटांत तो ३० सेकंदच चालतो, एक आकडा देतो नि झोपतो. लेझर दहापट पुरतो.

२. शेजारी आर्द्रता मोजायला बीएमई२८० सेन्सर जोडा. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असतानाचे धुळीचे आकडे पुसू नका, फक्त त्यांच्यापुढे खूण करा. भाजावळीच्या (पेरणीआधी शेत भाजण्याच्या) दिवसांत हे फार कामाला येतं: पहाटे चढलेला आकडा ऊन तापल्यावर उतरला तर बहुधा दव होतं, कोरड्या दुपारीही तसाच राहिला तर कुणीतरी खरंच कवळं (पाल्याच्या फांद्या) पेटवलीत.

३. हवा घेणाऱ्या नळीचं तोंड खाली करा, त्यावर मच्छरदाणीचा तुकडा बांधा. माझ्या पहिल्या सेन्सरात कोळ्याने संसार थाटला होता.

पावसाळ्यात जवळजवळ सगळेच आकडे खुणेचे होतात. मी जूनमध्ये तो काढून सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट डब्यात ठेवतो.

एक सांभाळा: साफसफाईसाठी चालू सेन्सरचं झाकण उघडू नका. आतला लेझर डोळ्यांना घातक आहे.